वकिलाने फट ठेवली नाही

कोर्टाच्या नकला मिळण्याच्या खिडकीपुढे रांग खोळंबली होती. निवृत्त वकीलसाहेब घराच्या कागदांसाठी आले होते. त्यांच्या पुढे एक वयस्कर प्राध्यापिका आणि तिची धाकटी बहीण उभी होती.

"ताई, कॉलेजचे संध्याकाळचे वर्ग बंद करू नका, असा सरकारचा हुकूम होता ना?"

"होता. विश्वस्तांनी तीस वर्षांपूर्वीचा निकाल पुढे केला. कॉलेज कसं चालवायचं ते विश्वस्तच ठरवणार, सरकारने नाक खुपसायचं नाही."

"मग दिवसभर राबून शिकायला येणाऱ्या पोरी?"

"बसल्या घरी. मीही बसले."

"असला निकाल लागलाच कसा?"

"अगं, तेव्हा सरकारच वर्ग बंद करायला निघालं होतं. कॉलेजच्या वकिलाने ते वाचवले. त्याचं भाषण ऐकताना मी रडले होते."

"मग त्यालाच विचार ना, यातून वाट काय."

"आमचा आताचा वकील म्हणतो, त्या वकिलाने कुठे फटच ठेवली नाही."

खिडकी उघडली. त्या जुन्या निकालाची नक्कल घेऊन ताई मागे वळली.

"साहेब, चष्मा विसरले. शेवटचं पान तेवढं वाचता का?"

वकीलसाहेबांनी कागद घेतला, पण नजर भिंतीकडेच ठेवली.

"विश्वस्तांच्या निर्णयात आज किंवा पुढे कधीही, कोणत्याही कारणाने, सरकारला हात घालता येणार नाही."

"तुम्हाला पाठ आहे?"

"कोर्टाने माझंच वाक्य उचललं होतं."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने कागद त्यांच्या हातून काढून घेतला, नीट घडी घातली आणि बहिणीला म्हणाली, "चल."