उत्तर द्यायचं राहिलं

— नाय, पापलेट ताजंच हाय, कालचं नाय, फक्त तुम्हाला द्यायचं नाय. दुसरीकडे बघा. का म्हणजे? तुम्ही वेदिका मॅडम ना, मिरजोळ्याहून स्कूटीवर येता, मे महिन्यात वाडीच्या हॉलात पोरांना इंग्रजी शिकवलंत त्याच ना? मग झालं. मी बकुळा. भाविकाची आजी. आठवली भाविका? मुंबईची, सुट्टीत आलेली, दोन वेण्यांची— आठवणारच, सगळ्यात पुढे बसायची. हात लावू नका माशाला, लांबून बघा काय ते.

किळस येते मला त्या इंग्रजीची, खरं सांगते. जन्म गेला माशात, सडका बांगडा हाताने उचलून टाकते, नाक मुरडत नाय, पण तो एक शब्द कानावर आला— फिश— की चूळ भरावीशी वाटते. सुरमई पण फिश, मांदेली पण फिश, बोंबील पण फिश. म्हणजे घरातल्या सगळ्यांना नुसतं माणूस म्हणून हाक मारायची काय? आणि ते हाऊ आर यू. पोरगी फोनवर विचारते, हाऊ आर यू आजी, आणि मी तोंड उघडायच्या आत आपणच म्हणते, आय ॲम फाइन. अगो, मला विचारलंस ना? मग ऐक तरी. मला गुडघ्याचं सांगायचं होतं. तर बाय. बाय म्हणून ठेवून देते. आपल्याकडे निघताना माणूस येते म्हणतं. हे मेलं बाय— तोंडावर दार लावून घेतल्यासारखं.

तुम्ही काय केलंत म्हणून विचारताय? तुम्ही गृहपाठ दिलात. घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, व्हेअर आर यू गोइंग, मग त्याला अर्थ सांगा, आणि तो काय म्हणाला ते उद्या वर्गात येऊन सांगा. दुसरं वाक्य नव्हतं तुमच्याकडे? नाव काय, गाव काय, काहीही चाललं असतं. दर्यावर निघालेल्याला कुठे म्हणून विचारत नाय आमच्यात. माझ्या माहेरी बुरोंडीला पण नाय, इथे पण नाय. कुठे विचारलं की वाट अडली, त्या दिवशी होडी सुटत नाय. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ह्यांच्या हातात डबा देते आणि पाठ फिरवते, तोंडातून शब्द नाय. वाडीतल्या पोरांना ते शिकवावं लागत नाय, बघून बघून कळतं. पण ही मुंबईत वाढलेली, आणि मुंबईत काय, सगळे सगळ्यांना कुठे कुठे करत फिरतात.

पहाटे उठून माझ्या मागोमाग जेटीवर आली. ह्यांचा एक पाय होडीत, एक धक्क्यावर, आणि ही म्हणते, आजोबा, व्हेअर आर यू गोइंग. हे खूष. खलाशांना म्हणाले, ऐका रे, माझी नात मडमेसारखी बोलते. तिथेच थांबले असते तर कोणाला काय बाधणार होतं— दर्याला कुठे इंग्रजी कळतंय. पण नाय. काय म्हणतेस गो, अर्थ सांग, म्हणाले. आपणच. आणि तिने सांगितलान. मोठ्याने, हात मागे बांधून, तुम्ही शिकवलंत तसं.

ह्यांनी पाय मागे घेतलानी. डबा खाली ठेवलानी. खलाशी उतरले. आणि मग हे ओरडले तिच्यावर— तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, वादळात पण नाय. पोरीला आपलं काय चुकलं तेच कळेना. बरोबर तर बोललेली. उत्तर सांगा ना आजोबा, उत्तर सांगा ना, करत घरापर्यंत रडत आली. दुपारी सर्वेशला फोन— सर्वेश माझा मुलगा, तिचा बाप— तो दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन हजर. माझी पोरगी असल्या खुळचट रीतीत ठेवणार नाय, म्हणाला. ह्याच होडीवर लहानाचा मोठा झालेला तो. नेलान तिला. गणपतीला पण आले नाय. फोनवर माझ्याशी फाइन नि बाय, आजोबांना देऊ काय विचारलं तर फोनच ठेवते. मग दोष कोणाला देऊ? नवऱ्याला देऊ, की त्या एवढ्याशा पोरीला? तुम्हालाच देणार. म्हणून पापलेट नाय.

थांबा. एवढं ऐकलंत, एक सांगून मग निघा. संध्याकाळी होडी लागली की हे रिकामा डबा माझ्या हातात देतात आणि म्हणतात, त्या पोरीचं उत्तर द्यायचं राहिलं गो. रोज. आल्यावर सांगायला काय हरकत नाय, परत आलेल्या माणसाला कसली बाधा. दर्यावर गेलो होतो, आलो— एवढंच. पण तिच्या इंग्रजीत कसं म्हणायचं? ह्यांनी विचारायला सांगितलानी असं नाय हां, मीच विचारते. म्हणजे म्हणाले, मॅडम दिसल्या तर बघ. दिसल्या तर कशाला, तुम्ही बाजारात कधी येता ते पण ह्यांनीच शोधून काढलानी.

आय वेंट... टू द सी. हां. आय केम बॅक. शी, एवढंसंच? दिवसभराचा दर्या गेला काय त्याच्यात? परत म्हणा. आय केम बॅक. ह्यात आलो हाय ना, नक्की? आलो नीट ऐकू यायला पाहिजे तिला. घाण लागतंय तोंडात, पण घेते पाठ करून, आणि ह्यांच्याकडून करून घेते. रविवारी फोन येतो तिचा. ह्यांना जवळ बसवीन. तिने बोलायचं नाय म्हटलान तर मी फोन धरीन, हे लांबून मोठ्याने म्हणतील. ऐकू तर जाईल.

घ्या, पिशवी पुढे करा. मोठं पापलेट तेच हाय, न्या ते. आता नको म्हणू नका. आणि तो हात कशाला हलवताय, बाय करू नका मला. येते म्हणा.

हां. या.