खालच्या मजल्याचा भाव

मावशी बँकेच्या बाकावर नंबराची चिठ्ठी धरून बसल्या होत्या. शेजारी एक नवरा-बायको हातातल्या कागदांवर करवादत होते.

“अहो, पण कर्ज कमी का देतायत?”

“व्हॅल्युअरने घराची किंमतच पाडून लिहिलीय. भाड्याने द्यायला घर घेतोय, तर सुरुवातीलाच माशी शिंकली.”

“एवढं उजेडाचं घर, आणि किंमत पाडली?”

“त्याच इमारतीत, बरोब्बर खालचं, तेवढंच घर दोन महिन्यांपूर्वी मातीमोलाने गेलं. बँक तोच भाव धरते.”

“कोण हो एवढं शहाणं विकणारं?”

“कोणी बाई होती. वॉचमन म्हणाला, आठ दिवसांत सगळं उरकलं. स्वयंपाकघरातला ओटासुद्धा नवाकोरा होता, काळ्या दगडाचा.”

‘हिरव्या दगडाचा,’ मावशींच्या अगदी ओठांवर आलं. आमच्या यांनीच निवडला होता.

“मग जरा थांबायचं ना! स्वतःचं नुकसान, वर आपल्यालाही भुर्दंड.”

“अगं, नवरा आयसीयूत होता तिचा. थांबते कशाला?”

मावशींनी चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा उलगडली.

“अगंबाई! मग... वाचला का हो तो?”

“ते कुठे विचारलं मी?”

“विचारायचं तरी.”

“एकतीस नंबर!” खिडकीतल्या मुलीने हाक दिली. “या मावशी. जॉइंट खात्यातलं नाव काढायचंय ना? मिस्टरांच्या मृत्यूचा दाखला आणलाय?”

“आणलाय,” म्हणत मावशी उठल्या.

कागदांतून मान वर न काढता त्या दोघांनी पाय आत घेतले आणि त्यांना वाट करून दिली.