साडभाऊच्या गाडीचा स्क्रू

जळणं काय असते, ते मले विचारा बाप्पा! मी अन् माह्या साडभाऊनं आलापल्लीत एकाच सालच्या जुन्या मोटरसायकली घेतल्या. त्याची गाडी उभ्या जागी असी गुमान चाले, का तो सीटवर चहाचा भरला कप ठेवून दाखवे. अन् माही? रेस सोडली का खोकलत खोकलत बंद. प्लग बदलला, कार्बोरेटर तीनदा धुतला, तरी तेच. वरून माही बायको म्हणे, "भाऊजीची गाडी पाहा कसी चालते!"

एका रविवारी तो जेवाले आला. जेवून हात धुवाले मागं गेला, तेवढ्यात मी पेचकस घेतला अन् त्याच्या कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू पाव फेरा फिरवून देल्ला. म्हटलं, थरथरू दे आता तुही बी.

दुसऱ्या दिवसी त्याचा फोन आला. मले वाटलं, पडली वाटते बंद. खुशीतच उचलला.

"भाऊ, रोज सकाळी चार किका लागत होत्या, आज एका किकेत सुरू! आवाज तर अजूनच मस्त."

"काऊन? काय केलं?"

"मी काई नाई केलं. माह्या मिस्त्रीचा हातच तसा हाये. महिन्याआधी सर्व्हिसिंग केली, गुण आता येऊन राह्यला. तू बी गाडी त्याच्याकडंच ने. सोता हात नको लावू, तुले त्यातलं समजत नाई."

आता खरं सांगाची सोय नाई. आधी मी एकट्या साडभाऊवर जळत होतो, आता त्या मिस्त्रीवर बी जळून राह्यलो.