लिम आंटींनी ऐकलेला हंबरडा

मी, सौ. अरुणा यशोधन कारखानीस, वय ४६, नोकरी, शिपिंग कंपनीत हिशेब विभाग, राहणार हौगांग, नववा मजला. पोलीस चौकीत स्वतः हजर राहून, कोणाच्या शिकवण्यावरून नव्हे, सांगते ते असे की,

मला इंग्रजी येतं. तरी मराठी दुभाषी मीच मागितला. इंग्रजीत मी ऑफिसचं बोलते, आणि हे ऑफिसचं नाही.

मी ‘पडवी’ या नाट्यसंस्थेत काम करते. संस्था म्हणजे नऊ माणसं, कपड्यांच्या दोन बॅगा आणि नीलिमाताई. नीलिमाताई वर्तक बिशानला राहतात. त्याच नाटक लिहितात, बसवतात आणि रागावतात. यंदा संस्थेने सामुदायिक कलांसाठीच्या अनुदानाला अर्ज करायचं ठरवलं, कारण त्याशिवाय हॉल परवडत नाही. अर्जासोबत नाटकाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ लागतो. शिवाय एक प्रश्न आहे : इतर समाजांच्या रहिवाशांना तुमच्या कलेचा काय उपयोग? ताई महिनाभर तिथेच अडल्या होत्या. “शेजारच्या चिनी आजीला आपल्या नाटकाचं काय पडलंय, सांग बरं,” असं म्हणायच्या.

नाटकात एक मुलगी आई गेल्यावर उशिरा माहेरी पोचते. भाऊ दारात विचारतो, “आता कशाला आलीस?” ती उंबऱ्यात बसते आणि हंबरडा फोडते. हे काम माझं. तालमीत मी नुसती मुसमुसायचे. ताई म्हणायच्या, “अगं, हंबरडा फोड! सर्दी झाल्यासारखी काय रडतेस?” मी म्हणायचे, ताई, भिंतीपलीकडे माणसं राहतात हो.

गेल्या रविवारी दुपारी आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये चित्रण होतं. मोबाईल ताईंनी धरला होता. भावाचं काम करणारा आला नाही, म्हणून माझ्या पतीने कागद हातात घेऊन त्याची वाक्यं म्हटली. यशोधन बँकेत आहेत. हॉकर सेंटरमध्ये जेवणाच्या रांगेत कोणाचा धक्का लागला तर सॉरी हेच म्हणतात. ताईंनी त्यांना तेच वाक्य पुन्हा पुन्हा ओरडायला लावलं. “यशोधन, भाऊ आहेस तू, कस्टमर केअर नाहीस!” पुरुषाचा जो आवाज शेजारी ऐकू गेला तो हा. मग मी खाली बसले आणि फरशीवर हात आपटले. दारात आलेल्या पोलीसबाईंनी माझे लाल तळवे पाहिले, ते त्यामुळे. मला कोणीही मारलेलं नाही. आमच्या घरात झुरळसुद्धा मलाच मारावं लागतं.

आज मला संहिता आणि व्हिडिओ दाखवण्यात आला. संहितेत नाटकातल्या आईला उद्देशून “अक्का, मी आले गं” एवढंच आहे. व्हिडिओत मी त्यापुढे बोलते ते असं : “आई, मी होते गं तिथे. तोंड दाबून धरलं होतं, म्हणून तुला ऐकू आलं नाही.” माझं तोंड कोणी दाबून धरलं होतं, असं विचारण्यात आलं. उत्तर : मीच.

माझी आई एप्रिलमध्ये कराडला वारली. भाऊ कुशल याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. ऊन फार आहे, थांबता येणार नाही, असं तो म्हणाला. कुठलंच विमान मला वेळेत पोचवणार नव्हतं. त्याने अंत्यविधीचा व्हिडिओ कॉल लावला. मी मीटिंग रूममध्ये जाऊन बसले. तिथे भिंती काचेच्या आहेत. बाहेर लोक कॉफीच्या मशीनपाशी उभे होते, एकाने मला हातही केला. मी तोंडावर हात धरला आणि शेवटपर्यंत तसंच पाहिलं. नंतर जागेवर येऊन बिलं तपासली. मी तेराव्याला गेले, तोवर सगळ्यांचं रडून झालं होतं. गोडाच्या जेवणाची तयारी चालली होती. मला म्हणाले, प्रवास कसा झाला?

मला आई हवी आहे. याचा चौकशीशी संबंध नसला तरी हे लिहून घ्या.

रविवारी झालं तो अभिनय नव्हता. ताईंना तो वाटला. त्यांनी मला मिठी मारली, “जमलं गं बाई!” म्हणाल्या, आणि मी त्यांना काही सांगितलं नाही. पतीला कळलं होतं. व्हिडिओत ते कागद टाकून येतात आणि माझे खांदे धरतात, ते मला उठवायला. चौकशी होईपर्यंत त्यांना वेगळं राहायला सांगितलंय, म्हणून ते बुकित पंजांगला मित्राकडे झोपतात. त्यांना घरी येऊ द्यावं. घर फार गप्प झालंय.

तक्रार शेजारच्या लिम आंटींनी केली. माझी त्यांच्याविरुद्ध काहीही तक्रार नाही. कराडला असा आवाज गेला असता तर आळी दारात जमली असती. इथे दोन पोलीस आले. पण कोणीतरी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या जाळीच्या दाराला पिशवी अडकवलेली होती. आत डबा, डब्यात आलं घातलेली गरम पेज. तोवर आंटींची नि माझी ओळख लिफ्टमधल्या हसण्यापुरती होती. आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणून देतात. एप्रिलमध्ये माझ्या घरी रोजच्यासारखा स्वयंपाक झाला, कारण मजल्यावर कोणाला माहीतच नव्हतं. आंटींनी ती पेज मार खाल्लेल्या बाईसाठी केली, हे मला कळतं. मी ती आईची म्हणून खाल्ली.

आज इथे येण्याआधी मी ताईंना फोन करून खरं काय ते सांगितलं, पेजेचंही सांगितलं. इतर समाजांना उपयोग काय, हा अर्जातला रकाना अजून कोराच आहे. ताईंनी आंटींचं नाव नीट विचारून लिहून घेतलं. आंटींचा डबा माझ्याकडे आहे. रिकामा कसा देऊ, म्हणून राहिलाय. यशोधन घरी आले की दोघं मिळून देऊन येऊ.

वरील मजकूर दुभाष्यांनी मला मराठीतून मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो उतरला आहे. वाचताना ते एका ठिकाणी थांबले, त्यांना पाणी घ्यावं लागलं. तिथलाही मजकूर बरोबर आहे.