आधी आजींचं अंगण

दुरुस्तीच्या दुकानात गवत कापायचं मशीन पायाशी ठेवून एक बाई आपल्या नंबराची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर एक सासरा आणि त्याची सून हुज्जत घालत होती.

"बाबा, लॉनच्या मातीत हवा खेळावी म्हणून भोकं पाडायचा दर एकदाचा ठरवून टाकू. अंगण लहान असो की मोठं, मशीन न्यायला टेम्पो तोच लागतो."

"बरं. मग एक किमान रक्कम घ्यायचीच, पुढे आकाराप्रमाणे."

"सगळ्यांना?"

"कोपऱ्यावरच्या आजींचं वेगळं."

"झालं! एकीला सूट दिली की सगळी गल्ली मागेल."

"अगं, ती गल्ली आपल्याला मिळवून दिली कुणी? पहिल्याच कामाला मी त्यांच्या लॉनखालचा पाइप फोडला. हे एवढं कारंजं उडालं! आणि आजींनी खुर्ची मांडली, शेजाऱ्यांना हाका मारल्या. 'या, बघा, माणूस किती खोल काम करतो!'"

"आणि लोक आले?"

"हसत आले, पण कामं देऊनच गेले."

"अहो, मग त्यांना फुकटच करू की!"

"फुकट म्हटलं तर काठी घेऊन मागे लागतील. पैसे पूर्ण घेऊ. पण दर मोसमात आपलं मशीन पहिलं उतरेल ते त्यांच्याच दारात."

"हे मात्र पक्कं."

शेजारी ऐकत बसलेल्या त्या बाईला राहवलं नाही. "माफ करा हं, आमच्याकडे कधी याल?"

"आजींचं झालं की लगेच," दोघं एकदमच म्हणाली.