रोजचं बारसं

सारिका : रात्री पुन्हा मेन स्विच पाडलं ना, नाना?

पितांबर नाना : पाडं ना. कापसाना जिनना दरवाजाले कुलूप लावाना पहिले मेन पाडस मी. रोज पाडस.

सारिका : आणि मी रोज धुळ्याहून एसटीला लोंबकळत धरणगावला येते. तुम्ही इथले वॉचमन, की माझ्या कामाचे वैरी? ही डबी बघा. हिच्यातून वजनकाट्याचा कॉम्प्युटर ऑफिसच्या कॉम्प्युटरशी बोलतो. काल हिला नाव दिलं, नंबर दिला, पासवर्ड दिला. आज स्क्रीनवर काय विचारते? ‘सुरुवातीपासून मांडणी करायची का, हो की नाही?’

पितांबर नाना : मंजे आज भी बारसं?

सारिका : रोजचंच बारसं. घुगऱ्या तेवढ्या वाटायच्या राहिल्या. बाहेर कापसाच्या गाड्या तुंबल्यात, काटा बंद आहे, आणि तुमचे मालक प्रेमराज शेठ म्हणतात, आज नाही झालं तर काम जळगाववाल्याला. दुकान टाकल्यापासून हे माझं पहिलं मोठं काम आहे, नाना.

पितांबर नाना : माले भी सांगं त्यास्नी. ‘रात्री मेन चालू ठेव, नाहीतर घरी बस.’

सारिका : मग ठेवा ना चालू.

पितांबर नाना : नही.

सारिका : एवढ्याशा डबीनं काय पेटणार आहे?

पितांबर नाना : मांगे आठे आग लागनी, तवय ठिनगी भी एवढीशीच व्हती. कापूस मंजे वातच शे, पोरी. देव्हारामा एक लावतस, आठे डोंगर पडेल शे. मना धाकला भाऊ, झुलाल, आतमा झोपेल व्हता.

सारिका : …बरं. मी पुन्हा भरते सगळं. आता बोलू नका माझ्याशी.

पितांबर नाना : नही बोलस. एकच इचारू का?

सारिका : विचारा. थोडंच ऐकणार आहात.

पितांबर नाना : मना नातू भी रातले झोपस. सकायले उठस ते आपलं नाव इसरत नही. ही कशी इसरस?

सारिका : कारण तुम्ही तिची वीज… थांबा.

पितांबर नाना : काय व्हयनं?

सारिका : धुळ्याला माझ्या दुकानात इन्व्हर्टर आहे. तिथली डबी कधी बंदच होत नाही.

पितांबर नाना : मंग?

सारिका : मग मला कळणार कसं? हिला सगळं सांगितलं, नाना, पण सांगितलेलं जपून ठेव, एवढंच सांगितलं नाही. शेवटी एक ओळ द्यायची असते. दर वेळी राहिली. हं, दिली. पाडा मेन.

पितांबर नाना : आते? गाड्या उभ्या शेतस.

सारिका : पाडा. …आता टाका.

पितांबर नाना : टाकं.

सारिका : उठली. नाव आहे तिला. काटाही बोलतोय.

(ती फोन लावून स्पीकरवर ठेवते.)

सारिका : शेठ, गाड्या आत घ्या. आणि चूक माझी होती, नानांची नाही. रात्री मेन बंद केलं तरी चालतं.

प्रेमराज शेठ : तुमची? मग एवढे दिवस त्या म्हाताऱ्याच्या नावानं ओरडत होत्या त्या कोण?

सारिका : मीच.

प्रेमराज शेठ : हं. संध्याकाळी भेटा. पुढच्या कामाचं बघू.

पितांबर नाना : शेठनं ‘बघू’ मंजे नहीच. कसाले सांगं? वायर ढिली व्हती म्हनतीस ते चाली जातं.

सारिका : मग ते तुम्हाला मेन चालूच ठेवायला लावणार.

पितांबर नाना : तरी मी पाडतूच.

सारिका : आणि उद्या घरी बसला असता.

पितांबर नाना : …सांजले शेठले भेटी ये. मंग आठे ये. आज मेन तू पाड.