नैवेद्याचे हात

नारायण, नारायण! पेटीवाले, सूर जरा खाली घ्या. आज गायचं कमी आहे आणि विचारायचं जास्त!

मंडळी, देवळात मघापासून वास कसला सुटलाय? तुपाचा! निम्मे लोक कीर्तनाला आलेत आणि निम्मे त्या वासाला आलेत, मला ठाऊक आहे. असू दे! देवाला दोन्ही भक्त चालतात. पण एक सांगा — नैवेद्य शुद्ध केव्हा होतो? करणाऱ्यानं आंघोळ केली म्हणजे? धुतलेलं नेसलं म्हणजे? बरं, झालं! त्याचे हात आपण बघितले. पण त्याच्याही आधीचे हात? ज्यांनी वेचलं, फोडलं, सोललं — ते हात कुणी बघायचे? डोकं खाजवू नका, गोष्ट ऐका.

कोकणात देवघळी म्हणून गाव. लक्ष्मीनारायणाचं देऊळ, खाली खाडी, वर काजूची झाडं. आणि त्या देवळाच्या मुदपाकखान्याची मालकीण कोण? द्वारकाकाकू पाध्ये! अहो, विश्वस्त आले नि गेले, काकू हलल्या नाहीत. उत्सवाच्या शिऱ्याचा मान त्यांचा. आणि त्यांचा एक नियम — मुदपाकखान्याचा उंबरा ओलांडायचा तर आधी हात दाखवायचे! कुणीही या, कुठल्याही वाडीचे या, त्याला ना नाही. पण न्हाऊन, धुतलेलं नेसून या, उंबऱ्याशी उभे राहा, तळवे पुढे करा. काकू बघणार. नखात मळ? बाहेर! बोटाला रंग? बाहेर! खुद्द विश्वस्त मुकुंदरावांना तंबाखूच्या डागापायी परत पाठवलं होतं. हसताय? तुमचे तळवे बघू का आत्ता?

तर त्या वर्षी उत्सवाला वासंती कुळये आली. कोण वासंती? गावातच दाजीशेठ पोवळ्यांचा काजूचा कारखाना, तिथं बिया फोडायला बसणारी बाई. तिची लेक बाळंतपणात अडली होती, तेव्हा ती देवाला बोलली होती, "दोघं सुखरूप सुटू दे, तुझ्या नैवेद्याला हात लावीन." लेक सुटली, नातू झाला. बाई नवस फेडायला आली. उंबऱ्याशी उभी राहिली, तळवे पुढे केले.

काकू दचकल्या. तळवे काळेकुट्ट! भेगा पडलेल्या, बोटांची सालं निघालेली.

"अगो, हे काय? हात न धुता आलीस देवाच्या दारी?"

"धुतलंव काकू. चिंचंनं घासलं, राखेनं घासलं. बियांचा चीक हाय हा, जात नाय."

"मग आत नको हो. अंगणात बस, प्रसाद मिळेल तुला."

वासंतीनं हात पदराखाली घेतले आणि अंगणात तुळशीपाशी जाऊन बसली. काकूंना वाईट वाटलं का? वाटलं. पण नियम म्हणजे नियम! आत आल्या, कढईत तूप सोडलं. काजूची पिशवी उघडली. दाजीशेठ दर वर्षी देवाला काजू देत. पांढरेशुभ्र, अख्खे, एकही तुकडा नाही. काकूंनी ओंजळ भरली, कढईवर नेली —

आणि हात तिथंच थांबला!

का थांबला? सांगा की! अहो, ओंजळीतला काजू पांढरा होता आणि जिनं तो सोलला, ती काळे हात घेऊन अंगणात बसली होती! काकू ओंजळीकडे बघताहेत, तूप तापतंय, धूर निघतोय, कुणीतरी ओरडतंय, "काकू, तूप जळलं!" काकूंच्या मनात एकच — मी हिला बाहेर बसवलं आणि हिच्या हातचं आत घेतलं. मग माझं सोवळं राहिलं कुठं? आयुष्यभर सांभाळलेलं सोवळं हो! त्याच क्षणी ते त्यांना पोकळ वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुरानं नव्हे.

शुद्ध झालें ताट, शुद्ध झाला पाट,
कोणी न पाहिला, आधीचा तो हात ॥

ही ओवी पोथीत शोधू नका, माझ्याच पदरची आहे!

काकूंनी कढई उतरवली. बाहेर येऊन म्हणाल्या, "यंदा शिऱ्यात काजू नाही."

झालं! देवळात एकच गलका. मुकुंदराव धावले, "काकू, परंपरा आहे! शेठ समोर बसलेत, त्यांना काय वाटेल?" दाजीशेठ उठलेच. तसा माणूस वाईट नाही हं! अडल्यानडल्याला धावणारा. म्हणाले, "काकू, माझं काही चुकलं?"

"शेठ, त्या वासंतीचे हात बघा."

"अहो, हातमोजे आणून दिलेत मी! खोका भरून पडलेत. बायकाच काढून ठेवतात."

आता बघा, आपण इथंच थांबतो. हो की नाही? मोजे दिले, बायका घालत नाहीत, दोष बायकांचा, चला शिरा खाऊ! पण काकू थांबल्या नाहीत. तुळशीपाशी गेल्या. "वासंती, का गो काढतेस मोजे?"

"काकू, मजुरी किलोवर. मोजं घातलं की बोटं चालत नाय. बोटं चालली नाय, तर घरात काय नेऊ?"

शेठ म्हणाले, "दर वाढवला तर माझा माल महाग होतो. परदेशातला व्यापारी लगेच दुसरीकडे जातो. मी काय करू?"

काकू तिरमिरल्या. "मग असला काजू देवाला नकोच! या वर्षी नको, कधीच नको!"

टाळ्या वाजवाव्याशा वाटतात ना? थांबा! टाळी वाजवू नका. कारण तुळशीपाशी बसलेली वासंती घाबरून उठली आणि काकूंच्या पाया पडली. "काकू, असं करू नुको! तुमी काजू सोडलाव, उद्या समद्यांनी सोडला, तर कारखाना बंद पडंल. माझी चूल त्यावर हाय वो. सोडू नुको. इचारा. त्या व्यापाऱ्याला इचारा."

मंडळी, रागावणं सोपं असतं. टाकून देणं त्याहून सोपं. टाकलं की आपले हात स्वच्छ! पण तिचे? विचारत राहणं, धरून ठेवून विचारत राहणं, हे अवघड. काकूंना ते पटलं. त्या वर्षी देवानं साधा शिरा खाल्ला. रुसला नाही. देव आहे तो, व्याही नव्हे!

उत्सव सरला आणि काकू शेठच्या कचेरीत हजर. नऊवारी नेसून, खुर्चीत ताठ. "लावा फोन त्या व्यापाऱ्याला. तोंड दिसतं तो फोन!" शेठना घाम फुटला, पण लावला. पडद्यावर सातासमुद्रापलीकडचा तो गोरा व्यापारी, गळ्यात टाय. काकूंनी नमस्कार केला — रीत सोडायची नाही! — आणि वासंतीचे तळवे धरून फोनसमोर नेले. "शेठ, सांगा त्याला. आमच्याकडे हात बघितल्याशिवाय नैवेद्य होत नाही. हे हात बघ म्हणावं."

व्यापारी पडद्याजवळ वाकला. म्हणाला, "आजवर माझ्या एकाही गिऱ्हाइकानं हे विचारलं नाही."

"असं?" काकू म्हणाल्या. "मग आता विचारतील!"

आणि सुरू झालं हो! गणपतीला चाकरमानी आले, काकूंनी एकेकाला उंबऱ्याशी धरलं. "मुंबईत काजू घेतोस ना? दुकानदाराला विचार, फोडणाऱ्या बाईला मोजे घालून पोटापुरतं मिळतं का?" कुणाचा जावई दुबईला, कुणाची भाची लंडनला, सगळ्यांना तोच निरोप. शेजारच्या गावच्या महिला मंडळांनी आपापल्या शेठना गाठलं. लोक हसले. "म्हातारीला आता जग सुधारायचंय!" पण लंडनची भाची आपल्या गल्लीतल्या बायकांना घेऊन दुकानात गेली. दुकानदारानं घाऊकवाल्याला विचारलं, घाऊकवाल्यानं त्या टायवाल्याला. प्रश्न ज्या वाटेनं काजू गेला, त्याच वाटेनं माघारी आला!

मग काय, सोन्याचा धूर निघाला? नाही हो. खोटं कशाला सांगू? शेठचा एक दुसरा व्यापारी तुटला. तो टायवाला कुरकुरत थोडा भाव चढवून द्यायला तयार झाला. शेठनी त्यात पदरचं घातलं, दर वाढवला, बोटांना बसतील असे पातळ मोजे आणले. बायकांची बोटं मोज्यांतून चालायला लागली.

पुन्हा उत्सव आला. उंबऱ्याशी काकू. आणि समोर कोण? वासंती! तळवे पुढे केले. भेगा भरल्या होत्या, नवी कातडी आली होती. पण डाग? डाग होता. फिका, पण होता. इतक्या वर्षांचा चीक, तो कसा जाईल?

सगळं देऊळ बघतंय. नियम म्हणजे नियम!

काकूंनी ते तळवे दोन्ही हातांत धरले. मग सोडले. आणि स्वतःचे तळवे वासंतीपुढे केले. "आता माझे बघ. चालतील का देवाला, तू सांग."

वासंतीनं ते नीट बघितले आणि होकाराची मान डोलावली. आणि दोघी मिळून उंबरा ओलांडून आत गेल्या. कढईत काजू वासंतीनं टाकले. नवस फिटला!

आणि काकू? त्या काजूच्या रिकाम्या पिशवीकडे बघत म्हणाल्या, "शेठ, सगळी बी काही आपल्या डोंगरावरची नसते ना?"

"नाही काकू. निम्मी आफ्रिकेतून येते, बोटीनं."

"तिथं ती कोण वेचते? त्या वेचणारीचे हात कसे आहेत?"

शेठनी कपाळाला हात लावला!

मंडळी, आख्यान संपलं. आता प्रसाद मिळेल. तुपात न्हालेला, वर काजू! साखर कुणी तोडली, वेलची कुणी खुडली, काजू कुणी फोडला, मला माहीत नाही. तुम्हाला आहे माहीत? नाही ना? मग टाकून देऊ नका, खा. देवाचा आहे. पण प्रसाद घ्यायला हात पुढे कराल ना, तेव्हा एक क्षण स्वतःच्या तळव्याकडे बघा, आणि उद्या दुकानात उभे राहाल तेव्हा तोंड उघडा. विचारा. कुणी हसलं तरी विचारा.

चला, रांग लावा. आणि उंबऱ्याशी आलात की — हात दाखवा!